मुदत संपल्यावर येणारी बातमी

जानेवारी उजाडला की मराठी लेखकांचे दोन गट पडतात. एका गटाला कळलेलं असतं, दुसऱ्याला फेब्रुवारीत कळतं. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांसाठी आदल्या वर्षात निघालेली पुस्तकं साधारण याच महिन्यात मागवली जातात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात, संकेतस्थळावर एक पीडीएफ चढते, आणि मुंबईबाहेरच्यांनी प्रवेशिका आपापल्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्याव्यात असं त्यात लिहिलेलं असतं.

समजा, किनवटच्या एका शिक्षिकेचा पहिला कथासंग्रह नोव्हेंबरात निघाला. प्रकाशक पुण्याचा. लेखकाच्या प्रतींचं पार्सल तिच्या हाती पडेपर्यंत संक्रांत आली. पुस्तक पुरस्काराला पाठवायचं काम लेखकाचं असं प्रकाशक धरून चाललेला, ते प्रकाशकाचं काम असं ती धरून चाललेली. पीडीएफ दोघांनीही पाहिलेली नाही. समजा तिला महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कुणी सांगितलं, तरी किनवटहून नांदेडला जाऊन प्रती देऊन यायचं म्हणजे शाळेची एक रजा गेलीच. या पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी वेगळा विभाग आहे आणि तो अगदी योग्य कारणासाठी आहे. पण पहिला कथासंग्रह आयुष्यात एकदाच निघतो. इतरांना ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणता येतं, तिला तेही म्हणता येत नाही.

‘लिहिणाऱ्यांना संधीच नाहीत’ ही तक्रार मला म्हणूनच पटत नाही. संधी बऱ्यापैकी आहेत, पण त्यांची बातमी ओळखीच्या वाटेनं चालते. ज्या संस्था जनतेच्या पैशावर किंवा सभासदांच्या वर्गणीवर उभ्या आहेत, त्यांनी ही बातमी पोचवण्याकडे कारकुनी म्हणून पाहिलं आणि ती वाट आणखी अरुंद केली. माझं म्हणणं एवढंच आहे की बातमी पोचवणं हे या संस्थांचं वाङ्मयीन काम आहे. पुस्तक काढण्याइतकं आणि व्याख्यानमाला भरवण्याइतकंच.

काय काय आहे ते एकदा पाहू. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० साली स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. या मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देणारी योजना आहे. साहित्य अकादमी २०११पासून पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांना युवा पुरस्कार देते, रक्कम पन्नास हजार. २०२१ साली केंद्र सरकारनं तिशीच्या आतल्या लेखकांसाठी पीएम-युवा योजना काढली. नॅशनल बुक ट्रस्ट ती राबवतो. निवड झालेल्याला सहा महिने दरमहा पन्नास हजार रुपये आणि शिवाय पुस्तक. मराठी धरून बावीस भाषांना ती खुली होती. मराठीतलं कथेतर पुस्तक इंग्रजीत नेऊ इच्छिणाऱ्यांसाठी न्यू इंडिया फाउंडेशनची सहा लाखांची अनुवाद-पाठ्यवृत्ती आहे. आपल्याकडचे चांगले अनुवादक पानाला किती रुपये घेतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्याचं मोल सांगायला नको.

आता कुठल्याही तालुक्याच्या गावी काव्यमैफलीला जमलेल्या मंडळींना यातलं काय ठाऊक आहे ते विचारून पाहा. फार तर युवा पुरस्कार माहीत असेल, तोही जाहीर झाल्यावर गाजतो म्हणून. तो मागवला कधी जातो, पुस्तक कुणी पाठवायचं, वय कुठल्या तारखेला मोजतात, यातलं काही नाही.

मात्र त्याच मंडळींच्या फोनवर दुसरीच एक बातमी रोज येऊन पडते. तिचा मजकूर आता पाठ झालाय: ‘राज्यस्तरीय साहित्य पुरस्कारासाठी पुस्तके पाठविण्याचे आवाहन. दोन प्रती, अल्पपरिचय, दोन पासपोर्ट छायाचित्रे. प्रवेश शुल्क अमुक रुपये, खालील क्रमांकावर भरून स्क्रीनशॉट पाठवावा. सन्मानचिन्ह, सन्मानपत्र, शाल व श्रीफळ. पुरस्कारार्थींनी स्वखर्चाने उपस्थित राहावे. पाठविलेल्या प्रती परत मिळणार नाहीत.’ खाली दोन गुलाबाची फुलं आणि जोडलेले हात. परीक्षक कोण, निकष काय, किती जणांना पुरस्कार देणार, याचा पत्ता नाही. कार्यक्रमाला जावं तर मंचावर पुरस्कारार्थींचीच इतकी दाटी की टाळ्या वाजवायला समोर फक्त त्यांचे नातेवाईक उरतात.

या प्रकाराला हसणं सोपं आहे. पण हा निरोप गावोगाव पोचतो आणि शासनाचा पोचत नाही, हे कसं? पोचवणाऱ्याला त्यात काही मिळतं म्हणून. शंभर जणांनी शुल्क भरलं की सभागृहाचं भाडं निघतं. शासकीय योजनेची माहिती दहा गटांवर टाकणाऱ्याला काय मिळणार? उलट आणखी दहा स्पर्धक. म्हणून ज्याला ती कळते तो चूप बसतो, किंवा फार तर आपल्या जवळच्या दोघांना सांगतो. यात त्या माणसाचा दुष्टपणा शोधू नये. जिथे माहिती मिळवायला ओळख लागते, तिथे माहिती जपून ठेवणं हा व्यवहार होतो. व्यवहार बदलायचा तर माहितीची टंचाई संपवावी लागेल. माणसांना उपदेश करून हे होणार नाही.

याच टंचाईवर आणखी एक धंदा पोसला गेलाय. ‘फक्त इतक्या हजारांत पुस्तक, आयएसबीएनसह!’ आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, आणि भारतात तो मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची केंद्रीय संस्था तो देते आणि लेखकालाही स्वतःच्या पुस्तकासाठी अर्ज करता येतो. तरी पॅकेजच्या यादीत त्याच्यापुढे रक्कम लिहिलेली असते, आणि निवृत्तीच्या पैशांतून कवितासंग्रह काढणारे गृहस्थ ती भरतात. कराराची गोष्ट तर याहून गंभीर. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की हक्कांचं हस्तांतरण लेखी हवं, त्यात कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशापुरते आणि मोबदला काय हे लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणजे वीस वर्षांपूर्वी ज्यांनी मुदत न लिहिलेल्या कागदावर सही करून पुस्तक दिलं आणि जे आजही ‘ते आता त्यांचंच’ असं समजून गप्प आहेत, त्यांच्यापैकी कित्येकांचे हक्क केव्हाच परत आलेले असतील. ऐकायच्या पुस्तकांची मागणी वाढत असताना ही काही लहान बातमी नव्हे. पण कुठल्या साहित्य संस्थेच्या शाखेत कराराचा एक साधा नमुना टांगलेला मी पाहिलेला नाही. अध्यक्षांच्या तसबिरी मात्र क्रमवार असतात.

या संस्था निघाल्या कशातून, हे आठवलं की ही उदासीनता जास्त खटकते. मराठी ग्रंथकारांचं पहिलं संमेलन पुण्यात भरलं १८७८च्या मे महिन्यात. त्याआधी फेब्रुवारीत लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी ‘ज्ञानप्रकाश’मधून ग्रंथकारांना जाहीर आवाहन केलं होतं. आज जे अखिल भारतीय संमेलन आपण एवढ्या थाटानं भरवतो, त्याचं मूळ वर्तमानपत्रातल्या एका जाहीर निवेदनात आहे. १९०६ साली पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषद, १९२३ साली विदर्भ साहित्य संघ, १९३५ साली मुंबई मराठी साहित्य संघ, १९४३ साली मराठवाडा साहित्य परिषद अशा संस्था पुढे उभ्या राहिल्या. त्यांची मुखपत्रं निघाली: पुण्याची ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, नागपूरची ‘युगवाणी’, मराठवाड्याचं ‘प्रतिष्ठान’. मुखपत्र काढावं असं त्या पिढीला वाटलं, कारण जिथे बैठक भरते तिथे सगळे सभासद येऊ शकत नाहीत हे तिला नीट ठाऊक होतं.

जाहीर आवाहन केलं की सगळं भागलं, असं मात्र म्हणता येत नाही, आणि तेही याच इतिहासात आहे. १८८५च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण महात्मा फुल्यांना गेलं होतं. त्यांनी यायला नकार दिला. जे लोक इतरांचे मानवी हक्क मान्य करत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या पत्राचा रोख होता. म्हणजे बातमी पोचली होती, दारही उघडं होतं, पण आत कुणाचा कायदा चालतो हे फुल्यांना दिसत होतं. म्हणून नुसती तारीख जाहीर करून चालत नाही. निकष, परीक्षक आणि निवडीची रीतही जाहीर हवी. तरच एखाद्याला समजून-उमजून जाता येतं, आणि फुल्यांसारखं समजून-उमजून नाकारताही येतं. ज्याला बातमीच नाही त्याला नकाराचाही हक्क नाही.

पुढे दलित साहित्यानं आपली वाट काढली तीही स्वतःच्या अंकांतून. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ औरंगाबादेतून निघत होतं आणि त्याचे मेळावे भरत होते. कोण कुठे लिहितंय, कुणाचं पुस्तक येतंय, हे खेड्यापाड्यांतल्या लिहित्या मुलांना त्यातून कळायचं. अखिल भारतीय संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाच्या या चार घटक संस्थांच्या चौकटीत आपलं भागत नाही असं कोकणातल्या लेखकांना वाटलं, तेव्हा १९९१ साली मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकारानं कोकण मराठी साहित्य परिषद उभी राहिली. प्रत्येक वेळी वेगळी संस्था वा वेगळं नियतकालिक निघण्यामागे वाङ्मयीन भूमिका असतेच, पण ‘आपल्यापर्यंत काही पोचत नाही’ ही साधी गोष्टही असते. समीक्षक पहिल्या कारणावर ग्रंथ लिहितात, दुसऱ्याची फारशी दखल घेत नाहीत.

आता यावर काय म्हटलं जाईल ते मला माहीत आहे. खरा लेखक पुरस्काराच्या, अनुदानाच्या मागे धावत नाही, कसदार लेखन आपोआप पोचतं. उदाहरणही दिलं जाईल: तुळजापुरात शिवणकाम करणाऱ्या देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ या कादंबरीला २०२४ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालाच ना? मिळाला, आणि आनंदच झाला. पण पुस्तक आपल्या पायांनी दिल्लीला जात नाही. ते कुणीतरी स्वीकारावं लागतं, नीट छापावं लागतं, वेळेत पाठवावं लागतं, यादीत टिकावं लागतं. या प्रत्येक पायरीवर माहिती असलेलं कुणीतरी माणूस लागतं. ज्यांना ते भेटलं त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. ज्यांना भेटलं नाही त्यांची नावं माहीत असण्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हा पोचलेल्यांकडे बोट दाखवून ‘सगळे पोचतात’ असं सिद्ध होत नाही. शिवाय ‘धावू नका’ हा सल्ला देणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः पोचल्यानंतर तो देतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सगळं खुलं केलं, सगळीकडे कळवलं, तर रद्दीचा पूर येईल. परीक्षकांनी वाचायचं कसं? मी परीक्षक म्हणून अशा गठ्ठ्यांसमोर बसलो आहे, त्यामुळे हे हसण्यावारी नेणार नाही. पाकीट फोडावं तर लेखकाच्या परिचयपत्रातली पुरस्कारांची यादी पुस्तकाच्या अनुक्रमणिकेपेक्षा लांब. मुखपृष्ठावर सूर्यास्त, आत प्रस्तावना तीन, आणि तिन्ही न वाचता लिहिलेल्या. अशा पुस्तकांतून एखादं खरं पुस्तक निसटून जाण्याची भीती खरीच असते. पण पूर आजही आहेच. पुरस्कार ज्यांना रोजच्या रोज कळतात ती हौशी मंडळी आजही सगळीकडे पाठवतातच. न पाठवणारे असतात ते किनवटच्या बाईंसारखे. बातमी अडवून पूर थांबत नाही, फक्त त्यात कोण असणार हे ठरतं. वाचनाचा भार ही खरी अडचण आहे, तर तिचा इलाज वाचणाऱ्यांवर खर्च करणं हा आहे. प्राथमिक चाळणीला तरुण वाचक नेमा, त्यांना बरं मानधन द्या. परीक्षकाला शाल आणि आभार देऊन महिन्याभरात पुस्तकांचा ढीग वाचायला लावायचं, आणि मग निकालाच्या दर्जाबद्दल परिसंवाद भरवायचे, यात अर्थ नाही.

पैसा नाही असंही म्हणता येणार नाही. अखिल भारतीय संमेलनाला राज्य शासनाचं अनुदान काही वर्षांपूर्वीपर्यंत पन्नास लाख होतं, ते दोन कोटी झालं. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पाठोपाठ फेब्रुवारी २०२५मध्ये दिल्लीत तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याण्णवावं संमेलन झालं. उत्साह आहे, निधी आहे. पण त्याच संमेलनाच्या मांडवातली विभागणी पाहा. एकीकडे निमंत्रितांचं कविसंमेलन, दुसरीकडे कविकट्टा. कविकट्ट्यासाठी निदान कविता मागवल्या जातात, तारीख असते, निवड समिती असते. निमंत्रितांची यादी कोण करतं, कशाच्या आधारे करतं, एखाद्या जिल्ह्यातून सलग कुणीच का नाही, हे सांगायला कुणी बांधील नाही. गंमत अशी की जिथे मान कमी तिथे नियम आहेत, आणि जिथे मान जास्त तिथे फोन आहेत.

बदल होऊच शकत नाही असं नाही. संमेलनाध्यक्ष निवडणुकीनं ठरायचे तेव्हा मतदार जेमतेम हजारभर असत, आणि उमेदवार गावोगाव फिरून त्यांची मनधरणी करत. त्यावर वर्षानुवर्षं टीका झाली. अखेर २०१८मध्ये महामंडळानं घटनेत बदल केला आणि अध्यक्ष सन्मानानं निवडायचं ठरलं. जानेवारी २०१९च्या यवतमाळ संमेलनाला अरुणा ढेरे तशा पहिल्या अध्यक्ष झाल्या. नवी रीत निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. बंद खोलीतल्या निवडीबद्दलच्या शंका तिलाही लागू आहेत. पण अनेक दशकांची वहिवाटसुद्धा रेटा आला की बदलते, एवढं त्यातून दिसलं.

मग मागायचं काय? फार नाही. साहित्य आणि संस्कृती मंडळानं वर्षारंभी एकाच पानावर आपल्या सगळ्या योजनांच्या तारखा द्याव्यात आणि त्या पाळाव्यात. तारीख दरवर्षी हलत राहिली तर सवय लागत नाही. दिवाळी अंकाला कथा कधी पाठवायची हे सगळ्यांना कळतं, कारण दिवाळी कुणी पुढे ढकलत नाही. आलेल्या पुस्तकांची पूर्ण यादी निकालाआधी प्रसिद्ध व्हावी. आपलं पुस्तक पोचलं की जिल्ह्याच्या कपाटातच राहिलं, हे लेखकाला तेवढ्यानं कळेल. निकालानंतर परीक्षकांची नावं द्यावीत आणि निवडलेल्या प्रत्येक पुस्तकाबद्दल त्यांच्या सहीनं निदान एक परिच्छेद द्यावा. ज्यांना लिहिण्याची सवय आहे त्यांच्याकडून एक परिच्छेद मागणं जाच नव्हे.

घटक संस्थांकडून अपेक्षा थोडी वेगळी आहे. त्यांच्या शाखा तालुक्यातालुक्यांत आहेत आणि बहुतेक शाखांचं वर्ष कोजागरी, मराठी भाषा गौरव दिन आणि एखादं पुस्तक प्रकाशन यांत सरतं. प्रत्येक शाखेनं एका सभासदावर एवढीच जबाबदारी टाकावी: राज्याच्या, केंद्राच्या आणि विश्वासू खासगी संस्थांच्या आवाहनांवर लक्ष ठेवायचं, खात्री करायची आणि सगळ्यांना एकाच वेळी कळवायचं. यातला खात्री करण्याचा भाग महत्त्वाचा. शुल्क घेतात का, परीक्षक सांगतात का, प्रती कुठे जातात, एवढं पाहिलं तरी फोनवर येणाऱ्या निम्म्या आवाहनांचं पितळ उघडं पडेल. शुल्क घेणारी प्रत्येक स्पर्धा लबाडच असते असं नाही. काही छोट्या संस्था प्रामाणिकपणे त्यावर तग धरून आहेत. पण त्यांनी हिशेब उघडा ठेवावा, म्हणजे त्यांचीही सुटका होईल.

आणि ज्यांच्यापर्यंत शाखाही पोचत नाही, त्यांच्यासाठी ग्रंथालयं आहेत. १९६७च्या कायद्याखाली महाराष्ट्रात आज अकरा हजारांहून जास्त सार्वजनिक ग्रंथालयं शासनमान्य आहेत, त्यातली पुष्कळशी खेड्यांत आणि ‘ड’ वर्गातली, एका खोलीची. त्यांना अनुदान शासन देतं, तपासणीला अधिकारी शासनाचा जातो, दाखल नोंदवही आणि वर्तमानपत्रांची फाईल तो बघतो. त्या तपासणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवता येईल: लेखकांसाठीची चालू आवाहनं दर्शनी भागात लावली आहेत का, होय किंवा नाही. आणि संमेलनाला दोन कोटी देताना शासन आयोजकांकडून खर्चाचा हिशेब मागतंच. त्याच कागदांत निमंत्रितांची निवड कशी केली याचं एक पान जोडायला सांगणं अवघड नाही.